एकदाच घेतलेले मोल आणि हवे तितके भोजन

व्यापारातील बहुतेक व्यवहारांत माल आणि मोल यांची सांगड आधीच घातलेली असते. कापड मोजले जाते, धान्य तोलले जाते, तेल मापाने दिले जाते, आणि जितके माप तितका दाम हा नियम विकणारा व घेणारा दोघेही निमूटपणे पाळतात. मात्र एक धंदा असा आहे की ज्यात दाम ठरलेला असतो, माप ठरलेले नसते. इतकेच नव्हे, तर ते माप ठरविण्याचा अधिकार दुकानदाराने आपण होऊन गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला असतो. हा धंदा म्हणजे ज्याला आपण सामान्यतः ‘बुफे’ म्हणतो त्या पद्धतीचे भोजनगृह होय. अमेरिकेत ही पद्धत मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या नित्य परिचयाची झाली आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले व जावई तिकडे नोकरीव्यवसायानिमित्त स्थायिक झालेले असल्यामुळे त्यांच्या भेटीस गेलेल्या सभासदांनी अशी गृहे डोळ्यांनी पाहिली असतील. परंतु तेथे बसलेल्या ग्राहकाच्या मनात काय चालते, आणि गल्ल्यावर बसलेल्याने त्यातून काय ओळखावे, याचा विचार व्यापाऱ्याच्या दृष्टीने क्वचितच होतो.

प्रथम त्या गृहाचे स्वरूप पाहू. दारातून आत शिरताच गल्ला लागतो. अशा पुष्कळशा गृहांत जेवणापूर्वीच पैसे द्यावयाचे असतात. प्रौढांचा दर वेगळा, वृद्धांना थोडी सवलत, मुलांचा दर त्यांच्या वयाप्रमाणे कमी, आणि अगदी तान्ह्या मुलाला बहुधा काहीच आकार नाही. दुपारचा दर कमी, रात्रीचा अधिक, शनिवार-रविवारचा त्याहून अधिक. पेयांचे पैसे पुष्कळदा निराळे लावतात, आणि पाटीवरचा दर वाचून आलेल्या ग्राहकाच्या कपाळावर पहिली आठी येथेच पडते. आत गेल्यावर लांबच लांब मेज, अथवा वेगवेगळ्या ठिकाणी मांडलेली मेजे; त्यांवर खालून उष्णता दिलेली पात्रे; एकीकडे कोशिंबिरी व फळे, दुसरीकडे शिजविलेल्या भाज्या, पाव, उकडलेले व भाजलेले पदार्थ, शेवटी गोड. ग्राहकाने ताट उचलावे, हवे ते वाढून घ्यावे, संपले की पुन्हा जावे. नोकरांचे काम रिकामी ताटे उचलणे, पाणी भरणे आणि मेज पुसणे एवढेच. वाढप्यांचा पगार वाचतो, आणि वाचलेल्या पैशांतून पदार्थांची संख्या वाढविता येते.

या पद्धतीचे मूळ स्वीडनमध्ये सापडते. तेथे मुख्य भोजनापूर्वी पाव, लोणी, चीज, खारवलेले मासे वगैरे एका मेजावर मांडून पाहुण्यांनी आपल्या हाताने घेण्याची चाल होती. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनातील भोजनगृहाने असे फिरते मेज मांडले आणि अमेरिकन लोकांना त्याची गोडी लागली. १९४० च्या दशकात लास व्हेगास येथील ‘एल रँचो व्हेगास’ या हॉटेलने रात्री उशिरा एका डॉलरमध्ये हवे तितके खाण्याची सोय केली. त्यामागे अन्नदानाची बुद्धी नव्हती हे उघड आहे; जुगाराच्या मेजावरून उठलेला मनुष्य जेवणासाठी बाहेर पडू नये, एवढाच हेतू होता. जपानने तर या पद्धतीला नावच निराळे दिले. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ साली असे भोजनगृह उघडले, आणि त्या सुमारास गाजत असलेल्या एका चित्रपटावरून त्याला ‘वायकिंग’ नाव दिले. आजही जपानी भाषेत बुफेला त्याच शब्दाचा अपभ्रंश वापरतात. कुटुंबांसाठी असलेल्या साध्या भोजनगृहांच्या साखळ्या मात्र त्यानंतरच्या. नॉर्थ कॅरोलिनात १९७३ साली सुरू झालेले ‘गोल्डन कॉरल’ पुढे याच पद्धतीकडे वळले. मिनेसोटात १९८३ साली ‘बफेट्स’ या नावाच्याच कंपनीने ‘ओल्ड कंट्री बुफे’ काढले.

आता ग्राहकाच्या मनाकडे वळू. अर्थशास्त्राचा सरळ हिशेब असा, की दारात पैसे दिल्यानंतर पुढच्या प्रत्येक घासाची किंमत शून्य होते; म्हणून मनुष्याने भूक भागेपर्यंत खावे व उठावे. दिलेले पैसे परत मिळणार नसल्यामुळे त्यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. पण माणूस असा वागत नाही. पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अशाच एका पिझ्झागृहाचा दाखला दिला आहे: ज्यांना भोजन फुकट दिले गेले ते कमी जेवले, आणि ज्यांनी पैसे मोजले ते अधिक. भूक दोघांची सारखीच, पण पैसे मोजलेला ग्राहक पोटासाठी जेवत नव्हता, वसुलीसाठी जेवत होता. आपल्याकडे ‘पैसे वसूल’ हा शब्दप्रयोग जेवणाच्या संदर्भात सर्रास ऐकू येतो, त्यामागील मनोवृत्ती हीच.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाने, ब्रायन वॉनसिंक यांनी, आपल्या सहकाऱ्यांसह अशाच एका पिझ्झा-बुफेतील ग्राहकांवर चार लेख लिहिले. अर्ध्या दरात जेवलेल्यांना चव कमी वाटली, त्यांना नंतर पश्चात्ताप अधिक झाला, असे चटकदार निष्कर्ष त्यांत होते. २०१७ साली इतर अभ्यासकांनी त्या लेखांतील आकडे तपासले तेव्हा चार लेखांत मिळून सुमारे दीडशे विसंगती आढळल्या. २०१८ मध्ये विद्यापीठाने चौकशीअंती गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि वॉनसिंक यांनी राजीनामा दिला. ज्याच्या खतावणीत मेळ बसत नाही त्याच्या नफ्यातोट्याच्या गोष्टी ऐकून घेण्यात अर्थ नसतो, हे आपल्या पेढीवरील मुनीमही सांगेल. म्हणून ‘स्वस्त दिले की गिऱ्हाइकाला चव लागत नाही’ असे जे वाक्य आजही कोठे कोठे विद्वत्तेच्या थाटात सांगितले जाते, त्यावर कोणी आपले दर ठरवू नयेत.

मालकाच्या बाजूने पाहता हा सर्व धंदा सरासरीवर उभा आहे. एखादा धडधाकट तरुण चार ताटे फस्त करील, पण त्याच्याबरोबर आलेली आजी अर्ध्या ताटावर समाधान मानील, आणि लहान मूल एक वाटी गोड खाऊन खेळू लागेल. कुटुंब आले की सरासरी आपोआप सांभाळली जाते; म्हणूनच ही गृहे स्वतःला कुटुंबाची गृहे म्हणवून घेतात आणि मुलांना इतक्या स्वस्तात आत घेतात. ही सरासरी बिघडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण ‘रेड लॉबस्टर’ या साखळीचे आहे. ती बुफेची गृहे नव्हेत, पण त्यांनी करार तोच केला: ठरावीक दरात हवे तितके. पदार्थ जलचरांचे, म्हणजे आपल्या पंक्तीचे नव्हेत. हिशेब मात्र आपल्या पेढीचा आहे. २००३ साली त्यांनी खेकड्यांची अशी योजना काढली आणि ती अंगाशी आली. दुसऱ्या ताटाने नव्हे, तिसऱ्या ताटाने मारले, अशा आशयाची कबुली त्या वेळच्या चालकांनी दिली होती. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच साखळीने २० डॉलरमध्ये हवी तितकी कोळंबी ही एरवी ठरावीक मुदतीपुरती असणारी योजना कायमची केली. त्या वर्षीच्या एका तिमाहीत सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला आणि मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जागांची भाडी वगैरे इतर कारणेही होती. परंतु एकच महाग पदार्थ मर्यादेविना देणे आणि चाळीस साधे पदार्थ मर्यादेविना देणे यांतील फरक चालकांनी दोनदा ओळखला नाही, हे खरे. चाळीस पदार्थ समोर असले म्हणजे ग्राहक आपण होऊन स्वस्त व महाग यांचे मिश्रण करतो. एकच पदार्थ ठेवला की तो मोजू लागतो.

सरासरीचे गणित ज्याला समजले त्याच्यासमोर लगेच एक मोह उभा राहतो, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म येथे आहे. पैसे आधीच गल्ल्यात पडलेले असतात. यापुढे ग्राहक जितके कमी खाईल तितका नफा अधिक. तेव्हा पहिल्या मेजावर पाव, बटाटे व पातळ सूप मांडावे. ताजी फळे व चांगले पदार्थ दूर कोपऱ्यात ठेवावेत. महाग पदार्थाचे पात्र रिकामे झाले की ते भरण्यास विलंब लावावा. डाव लहान ठेवावा. यांतील प्रत्येक युक्ती कोठे ना कोठे योजली जाते, आणि त्यांतील एकही युक्ती ग्राहकापासून लपत नाही. अशा गृहांविषयी ग्राहक जे बोलतात ते लक्षपूर्वक ऐकले तर असे दिसते, की ‘मला पुरेसे मिळाले नाही’ ही तक्रार जवळजवळ कोणीच करीत नाही. तक्रार असते ती निराळीच: पात्र रिकामे होते आणि सांगूनही भरले नाही, भाजी कोमट होती, वापरलेल्या ताटांचा ढीग समोर तसाच पडला होता, तिसऱ्या वेळी उठलो तेव्हा तेथील नोकराने वळून पाहिले. या सर्वांचा अर्थ एकच, की पैसे घेईपर्यंत जो यजमान होता तो पैसे घेतल्यावर पहारेकरी झाला.

उलट, स्तुतीही मोठ्या गोष्टींची होत नाही. ताजा पाव बाहेर आला तेव्हा कोणी तरी मेजापर्यंत येऊन सांगून गेले. म्हाताऱ्या वडिलांना चालवत नव्हते तर त्यांचे ताट नोकराने भरून आणले. मुलाने गोड सांडले तर न रागावता पुसले. ज्या गृहात प्रत्येकाने आपल्या हाताने वाढून घ्यावयाचे, तेथे दुसऱ्याने वाढलेला एक घास ग्राहकाच्या स्मरणात राहतो, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

‘बफेट्स’ कंपनीचा उत्तरकाल येथे सांगितला पाहिजे. तिने २००६ मध्ये ‘रायन्स’ ही दुसरी साखळी आपल्यात सामावून घेतली, आणि नंतर २००८, २०१२ व २०१६ अशी तीन वेळा दिवाळखोरीच्या न्यायालयाची पायरी चढली. या पडझडीचे खापर केवळ ग्राहकसेवेवर फोडणे अन्यायाचे होईल. कर्जाचा बोजा मोठा होता आणि लोकांच्या आवडीही बदलत होत्या. परंतु ज्याच्यावर व्याजाचा तगादा आहे त्याला पात्र भरण्यास विलंब लावण्याचा मोह अधिक होतो, हे सांगण्यास अमेरिकेचा अनुभव लागत नाही.

मग मालकाने आपले नुकसान टाळावयाचे तरी कसे? आपल्याकडील पुष्कळ ठिकाणी ‘ताटात अन्न टाकल्यास दंड आकारला जाईल’ अशी पाटी लावलेली असते. अन्न टाकणे वाईट, यात शंका नाही. पण जेवावयास बसलेल्या माणसाला प्रथम दंडाची भाषा ऐकविणे हे आतिथ्यही नव्हे आणि व्यापारही नव्हे. त्या पाटीचा धाक बसतो तो उधळ्याला नव्हे. मुलाचे उरलेले अन्न घाईने आपल्या तोंडात कोंबणाऱ्या आईला बसतो. याहून शहाणा मार्ग नॉर्वेत सापडला. तेथील दोन संशोधकांनी एका समूहाच्या ५२ हॉटेलांत प्रयोग केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही हॉटेलांत ताटांचा आकार किंचित लहान केला. काहींत मेजावर एक फलक ठेवला, ज्याचा आशय असा होता की, पुन्हा या, पुन्हा पुन्हा या, एकदम पुष्कळ घेण्यापेक्षा ते बरे. दोन्ही उपायांनी वाया जाणारे अन्न सुमारे एकपंचमांशाने घटले आणि ग्राहकांच्या समाधानात उणेपणा आला नाही. या फलकावर दंड नव्हता, आमंत्रण होते. ज्याला पुन्हा येता येईल अशी खात्री आहे तो आधी ढीग करून ठेवीत नाही. पात्र रिकामे ठेवणारा मालक नेमका उलटा धडा शिकवितो: आता घेतले नाही तर पुन्हा मिळणार नाही. मग ग्राहक ताटावर डोंगर रचतो, निम्मे टाकतो, आणि मालक लोकांच्या अधाशीपणाला दोष देत बसतो.

स्वच्छतेचा विषय आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. आज बुफेच्या मेजावर जी तिरपी काच दिसते ती पेन्सिल्व्हेनियातील जॉनी गार्नो या भोजनगृहचालकाची कल्पना. ग्राहक पदार्थांवर वाकून हुंगतात हे त्यांना पाहवेना. १९५९ साली त्यांनी अशा आच्छादित मेजाच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. ग्राहकाला पदार्थ दिसला पाहिजे आणि ग्राहकाचा श्वास पदार्थाला लागता कामा नये, या दोन परस्परविरोधी गरजा एका काचेने भागविल्या. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत आणखी एक नियम आहे: दुसऱ्यांदा वाढून घेताना ग्राहकाने वापरलेले ताट नेऊ नये, नवे घ्यावे. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा उष्ट्या-खरकट्याचा विवेक तेथे जंतुशास्त्राच्या वाटेने येऊन पोहोचला, इतकेच. त्याच संहितेत गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये व थंड अन्न ५ अंशांच्या वर नेऊ नये असे सांगितले आहे. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत गरम अन्नासाठी ६० अंशांची मर्यादा आहे. पात्राखाली दिवा पेटलेला आहे म्हणजे अन्न गरम आहे, असे समजू नये. लग्नसमारंभांतून पुष्कळदा खालचे पाणी आटलेले असते आणि वरची आमटी तासभर कोमट राहते.

२०२० च्या महामारीने या धंद्याला जो तडाखा दिला तो इतर भोजनगृहांहून मोठा होता, कारण शेकडो हातांनी एकच डाव धरणे हाच या पद्धतीचा पाया. कॅलिफोर्नियात १९७८ साली निघालेली ‘सूपप्लँटेशन’ ही साखळी, अन्यत्र ‘स्वीट टोमॅटोज’ या नावाने चालणारी, कोशिंबिरी, सूप व पाव यांसाठी प्रसिद्ध होती. शाकाहारी प्रवाशाला तेथे निश्चिंतपणे जेवता येई. मे २०२० मध्ये तिने आपली ९७ भोजनगृहे कायमची बंद केली. ‘गोल्डन कॉरल’सारखी काही टिकली. लोक परत आले, हे नमूद केले पाहिजे. एका मेजावर तीन पिढ्यांना आपापल्या आवडीचे मिळावे आणि बिल किती येईल हे आधी ठाऊक असावे, ही गरज महामारीने संपली नव्हती.

आपल्याकडे या धंद्याचा सख्खा भाऊ म्हणजे पोटभर थाळीचे भोजनालय. मुंबईच्या काळबादेवीवरील जुन्या गुजराती भोजनालयांत गेलेल्यांना ते सांगावयास नको. करार तोच, ठरावीक मोल आणि हवे तितके अन्न. पण तेथे ग्राहक बसलेला असतो आणि पदार्थ त्याच्याभोवती फिरतात. त्यामुळे मालकाच्या नियतीची परीक्षा पात्राऐवजी वाढप्याच्या पावलांवर होते. भाताची परात झपझप फिरते आणि श्रीखंडाचे भांडे पंगतीच्या दुसऱ्या टोकालाच रेंगाळते, हा अनुभव कोणाला नाही? याउलट चांगल्या भोजनालयातील वाढपी न मागता थांबतो, ‘आणखी एक फुलका’ म्हणून आग्रह करतो, आणि ग्राहक हात आडवा धरतो. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर हा आग्रह अत्यंत हिशेबी आहे. ज्याला आग्रह होतो तो नको म्हणतो. ज्याला टाळले जाते तो मुद्दाम मागतो. बुफेच्या मेजाला आग्रह करता येत नाही, हे त्याचे वैगुण्य आहे, आणि ते भरून काढण्यासाठीच तेथे हिंडणाऱ्या माणसाची गरज लागते. नोकर कमी करून वाचविलेला शेवटचा पगार म्हणूनच फार महाग पडतो.

कांदालसूण व कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या कुटुंबाला बुफेत एक अडचण नेहमी येते. पाटी स्पष्ट असते, पदार्थही शुद्ध असतो, पण शेजारच्या पात्रातील डाव कोणी तरी येथे बुडवितो. मेज वेगळे मांडले आणि तेथील डावांच्या मुठी निराळ्या रंगाच्या ठेवल्या, तर ग्राहकाला प्रत्येक पदार्थाची चौकशी करीत उभे राहावे लागत नाही. चौकशी करावी लागणे हीच त्याची खरी तक्रार असते. मात्र एका बाबतीत हे कुटुंब मालकाच्या सोयीचे आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणारे लोक संध्याकाळी सर्वांआधी येतात, आणि गर्दीच्या वेळी मेज मोकळे करून देतात. अमेरिकेतील कुटुंबगृहांनी नेमक्या याच वेळेसाठी वृद्ध ग्राहकांना दरात सवलत देण्याची पद्धत पाडली, कारण चार-पाच वाजता एरवी रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या त्यांच्यामुळे भरतात. आपल्या शहरांतील भोजनगृहे मात्र अशा वेळी आलेल्या कुटुंबास ‘अर्ध्या तासाने सगळे पदार्थ लागतील’ असे सांगतात आणि मोल पूर्ण घेतात. त्या अर्ध्या तासात सूर्य मावळतो. संध्याकाळचे पहिले सहा पदार्थ साडेपाचला मांडून ठेवण्यास आणि त्या वेळेपुरता दर थोडा उतरविण्यास भांडवल लागत नाही. लागतो तो फक्त स्वयंपाकघराच्या वेळापत्रकात अर्ध्या तासाचा बदल.